आपलं पुस्तक पोरांना वाचून दाखवायचंय? आधी घरात वाचा

परवा एका नवीन लेखिकेचा फोन आला, तिच्या पहिल्या पुस्तकाचा खोका नुकताच घरी आला होता आणि ती विचारत होती की आता पुढे काय करायचं, प्रकाशन सोहळा करू का, हॉल कुठला बघू. मी म्हणलं सोहळा कर हवा तर, पण त्यात खुर्च्यांवर सगळे मोठेच बसलेले असतात आणि ज्यांच्यासाठी लिहिलं ती पोरं मागे पडद्याला लोंबकळत असतात. लहान मुलांचं पुस्तक पोहोचवायचं म्हणजे ते पोरांसमोर वाचायचं, बाकी सगळं नंतर. आणि ते वाचायचं कसं हे मला कुणी सांगितलं नव्हतं, पोरांनीच जांभया देऊन देऊन शिकवलं, म्हणून हे लिहितेय.

माझं उदाहरण देते म्हणजे बोलायला सोपं. माझं एक पुस्तक आपल्या दुतोंड्या मारुतीवर आहे. नाशिकबाहेरच्यांसाठी सांगते, रामकुंडाजवळ गोदावरीच्या पात्रातच ही मोठी मूर्ती उभी आहे, दोन बाजूंना दोन तोंडं, आणि पूर आला की अख्खं नाशिक तिच्यावरून पाणी मोजतं. धरणातून किती क्युसेक सोडलं ते पेपरात येतंच, पण घरात विचारतात, "मारुतीच्या कुठपर्यंत आलंय?" गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तर अख्खा मारुती पाण्याखाली गेला होता. पुस्तकात एवढंच आहे, एक मुलगी रोज आजीला येऊन सांगते की आज पाणी कुठपर्यंत आलं.

आता पहिलं काम, आणि हे छापायच्या आधीचं. ए फोरचे सहा कागद घ्या, एकात एक घालून मधोमध दुमडा आणि मधे दोन स्टेपल मारा, चोवीस पानांची वही तयार. त्यात आपला मजकूर पानापानावर हाताने लिहा, चित्राच्या जागी नुसते चौकोन काढा, चित्र येत नसलं तरी चालतं. ही वही घरात वाचून दाखवायची. मोबाईलवरून किंवा कॉम्प्युटरवरून नको, पान उलटणं हीच तर निम्मी गोष्ट असते आणि ते स्क्रीनवर कळत नाही. मी आधी "पाणी कमरेपर्यंत आलं" आणि "पाणी छातीपर्यंत आलं" समोरासमोरच्या पानांवर लिहिलं होतं, मुलाने (तेव्हा सहा वर्षांचा) एका नजरेत दोन्ही बघून टाकलं आणि म्हणाला झालं ना मग, आता बुडणार. मग मी प्रत्येक वेळी उजव्या पानावर तळाशी "आज कुठपर्यंत?" असं ठेवलं आणि उत्तर पान उलटल्यावर. दुसऱ्या वाचनाला तो माझ्या हातातून पान ओढायला लागला. तेव्हा समजायचं की जमलंय.

वाचताना त्याच्याकडे चोरून बघत राहा आणि पेन्सिलने खुणा करा. पोरगं कुठे उठून पाणी प्यायला गेलं, कुठे पायाचा अंगठा धरून बसलं, कुठे मधेच बोललं. "आवडलं का?" हे अजिबात विचारू नका, घरातलं पोरगं हो म्हणतं कारण त्याला नंतर टीव्ही लावायचा असतो.

आणि फक्त पोरांना नाही, घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही वाचून दाखवा. आमच्या सासूबाई मूळच्या पंचवटीच्या, ६९ सालचा पूर त्यांनी डोळ्यांनी बघितलाय. मी वाचत होते आणि त्या भाजी निवडत होत्या, मला वाटलं लक्ष नाही त्यांचं. मधेच म्हणाल्या, "अगं पाणी वाढलं काय लिहितेस, पाणी चढलं म्हण. वाढायला ते काय पोर आहे का?" अख्ख्या पुस्तकात सात ठिकाणी मी तो शब्द बदलला. मग भाजी तशीच राहिली आणि त्या सांगत बसल्या की मारुती बुडाला की लोक नदीकाठच्या नारोशंकराच्या देवळातल्या मोठ्या घंटेकडे बघायचे, आता तिला पाणी लागतंय का म्हणून. ती घंटा माझ्या खर्ड्यात नव्हतीच! नवऱ्याला पण वाचून दाखवलं, त्याने एक शुद्धलेखनाची चूक काढली आणि झोपला. असो.

घरात निदान पाच वेळा वाचून झालं की मग बाहेर. सुरुवात आपल्या सोसायटीत करा, पोरं ओळखीची असतात आणि फजिती झाली तरी फार लांब जात नाही. आमच्याकडे इंदिरानगरमध्ये मी रविवारी सकाळी अकराची वेळ ठेवते, संध्याकाळी ठेवलं तर क्रिकेट असतं आणि क्रिकेटशी भांडून कुणी जिंकत नाही. पंधरा ते वीस पोरं बास, त्याच्यावर गेली की मागच्यांना चित्र दिसत नाही आणि ज्याला चित्र दिसत नाही तो शेजाऱ्याला चिमटे काढतो. सतरंजी टाका, खुर्च्या नकोत, तुम्ही मात्र बुटक्या स्टुलावर बसा म्हणजे पुस्तक सगळ्यांच्या डोक्यावरून दिसेल. खिडकी तुमच्या पाठीमागे येऊ देऊ नका, पोरांना नुसता काळा आकार दिसतो, उजेड बाजूने पुस्तकावर पडायला हवा. पार्किंगमध्ये करू नका, आवाज घुमतो आणि कुणीतरी गाडी काढायला येतंच. माईक पण नको, माईक हातात आला की आपण आपोआप भाषण करायला लागतो.

पुस्तक खांद्याच्या बाजूला, पोरांकडे तोंड करून धरायचं, आणि त्यामुळे आपल्याला मजकूर नीट दिसत नाही, म्हणून तो जवळजवळ पाठ हवा. स्वतःचंच लिहिलेलं पाठ नसतं बरं का, मला वाटायचं असेल, पण आयत्या वेळी शब्द सापडत नाहीत. चारपाच वर्षांच्या पोरांसाठी दहा मिनिटं खूप झाली, सात-आठ वर्षांची वीस मिनिटं बसतात.

आता पाचवी-सहावीतली पोरं, ती लांब भिंतीला टेकून उभी राहतात, "आम्ही मोठे" म्हणून. त्यांना ऐकायला बोलावू नका, काम द्या. मी घरातली निळी ओढणी नेते, दोघा मोठ्यांना दोन टोकं धरायला देते, ते पाणी. आणि मारुती कोण होणार यावर जी मारामारी होते ती मिटवायची युक्ती मूर्तीतच आहे, दोन तोंडं म्हणजे दोन पोरं, पाठीला पाठ लावून उभी. मग मी पान उलटलं की ओढणी गुडघ्याला, कमरेला, छातीला, आणि गळ्याशी आली की सतरंजीवरची सगळी उठून उभी राहतात आणि ओरडतात. एकदा एका चिमुरडीने मधेच विचारलं की मागच्या तोंडाला पुढचं पाणी कसं दिसणार? सगळे गप्प, मी पण. अशा वेळी वाचन थांबवायचं. अगदी मनापासून सांगते, पोरांनी अडवलं की चिडू नका, आणि "आधी गोष्ट पूर्ण ऐकू या हं" तर अजिबात म्हणू नका. त्या दिवशी आम्ही पंधरा मिनिटं फक्त मागच्या तोंडाबद्दल बोललो, पुस्तक अर्धंच राहिलं आणि दोन दिवसांनी पोरं घरी आली उरलेलं ऐकायला. लेखक म्हणून मला जो काही आनंद झालाय त्यातला सगळ्यात मोठा तोच, बेल वाजली आणि दारात सहा चपला.

शेवटी तात्पर्य विचारायचं नाही. कुणीतरी आई मागून म्हणतेच, "सांगा बरं, काय शिकलात?" तिला हसून चहा द्या.

शाळांचं वेगळं असतं. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन म्हणजे आपल्या तात्यासाहेबांचा, कुसुमाग्रजांचा वाढदिवस, आणि १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, या दोन दिवशी लेखकांना एकदम मागणी येते आणि दोन्हीकडे कार्यक्रम म्हणजे दीपप्रज्वलन, स्वागतगीत, मनोगत. मी एकदा अशी फसलेय, शाळेचं नाव नको, मैदानात चारशे पोरं उन्हात बसवलेली, शाल-श्रीफळ आणि कुंडीतलं रोप घेऊन झालं, तिघांची भाषणं झाली आणि मला सांगितलं मॅडम दहा मिनिटं आहेत. मी पुस्तक वर धरलं, पाचव्या रांगेपासून मागे कुणालाही ते पोस्टाच्या तिकिटाएवढं दिसत असणार. तेव्हापासून मी शाळेला फोनवरच सांगते की त्या दिवशी नको, पुढच्या आठवड्यात साध्या मंगळवारी बोलवा, एक वर्ग द्या, मधल्या सुट्टीनंतरचा तास द्या. पोषण आहाराच्या आधीचा तास तर कधीच घेऊ नका, खिचडीचा वास आला की कुठलीही गोष्ट हरते. जिल्हा परिषदेच्या शाळेत जायचं असेल तर मुख्याध्यापकांशी आधी बोला, ते पुढे कुणाची परवानगी लागते ते सांगतात. शाळेत पुस्तक विकू नका. ज्याच्याकडे पैसे नाहीत ते पोरगं आख्खी गोष्ट खाली मान घालून ऐकतं, मी हे बघितलंय. वर्गाला दोन प्रती देऊन या, बास. आणि पोरांचे फोटो काढून स्टेटसला टाकू नका.

पेठ तालुक्यात एका पाड्यावरच्या शाळेत गेले होते, तिथली बरीच पोरं घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलतात, आणि दुतोंड्या मारुती कुणी बघितलेलाच नव्हता. दोन पानं वाचली, सगळे शहाण्यासारखे गप्प, आणि पोरं शहाण्यासारखी गप्प बसली की समजायचं की काहीतरी चुकतंय. पुस्तक बंद केलं आणि विचारलं, तुमच्या नदीला पाणी आलं की तुम्ही कशावरून सांगता? मग काय, एक म्हणे फरशी पुलाच्या खांबावरून, एक म्हणे मोठ्या दगडावरून, तो बुडाला की शाळेला सुट्टी. गुरुजी हसायला लागले. मग आम्ही तीच गोष्ट त्या दगडाची करून सांगितली, पाण्याचे शब्द त्यांचे, मी नुसती फळ्यावर रेघ चढवत गेले. माझ्या पुस्तकातलं एकही वाक्य त्या दिवशी वापरलं नाही. परगावी जाताना ही तयारी ठेवाच, की आपल्या पुस्तकातली जागा त्यांच्या ओळखीची नसेल तर तिच्या जागी त्यांचं काय बसेल.

मोठ्या मुलांची, म्हणजे नऊ ते बारा वयाची जाड पुस्तकं असतील तर एका बैठकीत संपवायचा हट्ट करू नका. साने गुरुजींनी १९३३ साली इथे नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली, ती प्रकरणांत नाहीये, रात्रींत आहे, बेचाळीस रात्री, रोज प्रार्थनेनंतर एक. ही युक्ती आजही चालते. घरी रात्री दिवा घालवायच्या आधी एक प्रकरण, आणि अशा जागी थांबायचं की पोरगं पांघरुणातून हात काढून म्हणेल अजून एक पान. नाही म्हणायचं. जड जातं पण नाही म्हणायचं.

सही करताना घाई करू नका. पोराला आधी त्याचं नाव चिठ्ठीवर लिहायला लावा, उकार चुकला की ते आयुष्यभर दाखवत फिरतात, माझ्याकडे एक आरुष आहे ज्याचा मी आरूष केला आणि तो भेटला की अजून सांगतो. "शुभाशीर्वादासह" वगैरे लिहू नका, ते लग्नपत्रिकेत. मी विचारते तुझ्या घराजवळ पाणी कुठपर्यंत आलं होतं, आणि तेच लिहिते. पुस्तक नसेल तर वहीत करा सही, हातावर मागितली तर हातावर.

दोन प्रती वाचनालयाला द्या. आपलं नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं आहे, तिथे बालविभागात आपलं पुस्तक ठेवलेलं बघायला मी अजूनही काहीतरी कारण काढून जाते, आणि ते जितकं मळलेलं दिसेल तितकं बरं वाटतं. कुसुमाग्रज प्रतिष्ठानची ग्रंथ तुमच्या दारी योजना इथूनच सुरू झाली, पुस्तकांच्या पेट्या वाचकांपर्यंत जातात, तिथेही चौकशी करा.

राहिलं पोस्टकार्ड. पोस्टातून गठ्ठा आणायचा, मागे आपला पत्ता आधीच लिहून ठेवायचा आणि वाचन संपल्यावर प्रत्येकाला एक कोरं कार्ड द्यायचं, काहीही लिहा किंवा काढा म्हणून. पन्नास दिली तर पाच-सहा येतात. पाच-सहा खूप आहेत, कारण प्रत्येकाला उत्तर द्यायचंय, आणि आठवड्याच्या आत, पोरांचा महिना आपल्या वर्षाएवढा असतो. पाड्यावरून एक आलं होतं, त्यावर फक्त एक दगड काढलेला आणि निम्म्यावर पेन्सिलची रेघ. मी उत्तरात मारुती काढून पाठवला, कमरेपर्यंत. पुढच्या कार्डावर दगड पूर्ण गायब, नुसतं पाणी, आणि खाली लिहिलेलं, सुट्टी.

ते कार्ड सासूबाईंनी देवघराशेजारी टेकवून ठेवलंय. त्यांना मोतीबिंदूमुळे आता बारीक दिसत नाही, म्हणून मारुतीचं पुस्तक माझा मुलगा त्यांना वाचून दाखवतो, आणि "चढलं" आलं की त्या प्रत्येक वेळी म्हणतात, हे माझं.