बडोद्याहून जर्मनीला नोकरीसाठी: तात्पुरता निवास परवाना कसा मिळवावा

नोकरीचं पत्र आलं की घरात पेढे येतात आणि पाठोपाठ प्रश्न, ‘व्हिसा कधी?’ जर्मनीत राहून काम करायचं तर दोन गोष्टी लागतात. इथून मिळतो तो पासपोर्टवर चिकटवलेला ‘डी’ व्हिसा, बहुधा काही महिन्यांचाच. निवास परवान्याचं कार्ड तिथे पोचल्यावर मिळतं. दोन्हीकडे तेच कागद पाहिले जातात, म्हणून सुरुवात घरच्या कपाटातून करा.

सगळे कागद सतरंजीवर पसरा आणि प्रत्येकावरचं नाव मोठ्याने वाचा. बडोद्यातल्या आपल्या मराठी घरांत घोळ नेमका इथे असतो. जन्मदाखल्यावर गुजराती रीतीने वडील ‘सुरेशभाई’, पासपोर्टवर नुसतेच ‘सुरेश’. आई कुठे ‘सुनीता’, कुठे ‘सुनीताबेन’. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पदवीवर शेवटी. जन्मस्थळ एकीकडे बरोडा, दुसरीकडे वडोदरा. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही, पण फाइल तपासणाऱ्या परक्या माणसाला ही दोन माणसं वाटू शकतात. माझ्या भाच्याच्या पदवीवर आडनावात एक अक्षर जास्त होतं. अर्ज भरायला बसेपर्यंत ते कुणाच्या ध्यानात आलं नाही आणि दुरुस्तीत दीड महिना गेला. तेव्हा पासपोर्ट प्रमाण धरा आणि बाकीचे कागद त्याच्याशी जुळवा. पदवीवरची चूक विद्यापीठातच दुरुस्त होते, ते काम सगळ्यात आधी हाती घ्या. किरकोळ फरकासाठी नोटरीकडून प्रतिज्ञापत्र करून ठेवा. गुजराती दाखल्यांचं भाषांतरही करून घ्या, आणि भाषांतरात नावाचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणेच आहे ना, ते स्वतः तपासा.

मग पदवीची मान्यता. ‘अनाबिन’ नावाच्या जर्मन सरकारी संकेतस्थळावर तुमचं विद्यापीठ आणि तुमची पदवी, दोन्ही शोधा. विद्यापीठापुढे ‘एच प्लस’ (H+), म्हणजे मान्यताप्राप्त संस्था, हा शेरा हवा. दोन्ही नोंदी छापून फाइलला लावा. पदवीची नोंद सापडली नाही, तर परदेशी पदव्या तपासणाऱ्या बॉनमधल्या केंद्रीय कार्यालयाकडून (ZAB) पदवीच्या तुल्यतेचा दाखला मागवावा लागतो.

करारातला पगार नीट वाचा. ब्लू कार्ड हा पदवीधरांसाठीचा निवास परवाना आहे आणि त्याला पगाराची अट आहे. 2025 साली ती वर्षाला 48,300 युरो होती, मनुष्यबळ कमी असलेल्या व्यवसायांसाठी 43,759.80. हे आकडे दरवर्षी बदलतात आणि करकपातीआधीच्या पगाराचे आहेत. शिवाय नोकरी किमान 6 महिन्यांची हवी.

अर्ज जर्मन परराष्ट्र खात्याच्या ऑनलाइन पोर्टलवर भरायचा. गुजरात मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाच्या क्षेत्रात येतं. व्हिसाचं शुल्क 75 युरो. निघायच्या तारखेपासून तिथला आरोग्य विमा सुरू होईपर्यंतचा प्रवासविमा काढा, मध्ये एकही दिवस रिकामा नको. एजंटामार्फत जात असाल तर भारत सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ पोर्टलवर त्याची नोंदणी पाहा. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्याला 1983 च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी सक्तीची आहे. ‘निवासाचं कार्ड इथूनच काढून देतो’ असं कुणी म्हणालं, तर त्याला एक रुपयाही देऊ नका.

पोचल्यावर घर मिळालं की दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्ता नोंदवावा लागतो. याला तिथे ‘अन्मेल्डुंग’ म्हणतात. त्यासाठी घरमालकाच्या सहीचं पत्र लागतं, म्हणून खोली ठरवतानाच विचारा, ‘नोंदणीचं पत्र द्याल ना?’ काही जण देत नाहीत, आणि त्या नोंदणीवाचून पुढचं काम अडतं.

मग ‘आउसलेंडरबेहोर्डे’, म्हणजे परदेशी नागरिकांचं कार्यालय. व्हिसा संपायच्या आत तिथे अर्ज पोचलाच पाहिजे. मोठ्या शहरांत भेटीची वेळ लवकर मिळत नाही, त्यामुळे पत्ता नोंदवल्याच दिवशी वेळ मागा. पासपोर्ट, करार, पत्त्याची नोंद, आरोग्य विमा आणि फोटो सोबत न्या. शुल्क 100 युरोच्या आसपास. कार्ड व्हायला वेळ लागणार असेल तर मधल्या काळासाठी तात्पुरता दाखला मागून घ्या. ब्लू कार्ड जास्तीत जास्त 4 वर्षांचं मिळतं. पहिल्या 12 महिन्यांत नोकरी बदलायची झाली, तर आधी त्याच कार्यालयाला कळवा.