आरोग्य उपकेंद्रावर नव्याने रुजू होताय? कुणाला ठेवायचं, कुणाला धाडायचं

मी मिरजेत जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा केला, पुढे पोस्ट बेसिक (नर्सिंगची पदवी) आणि सामुदायिक आरोग्याचा सहा महिन्यांचा कोर्स. सध्या वाळवा तालुक्यात कृष्णाकाठच्या एका उपकेंद्रावर सीएचओ, म्हणजे सामुदायिक आरोग्य अधिकारी, आहे. नवीन मुली फोन करून विचारतात, "ताई, तिथं नक्की करायचं काय असतं?" बारा प्रकारच्या सेवांचा तक्ता भिंतीवर असतोच, तो वाचा. पण रोजचं खरं काम एकच: समोरचा माणूस इथं ठेवायचा, की वर धाडायचा, हे ठरवायचं. डॉक्टर पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) असतात, खुर्चीत आपण असतो.

रुजू झाल्यावर पहिला आठवडा ओपीडीच्या खुर्चीत घालवू नका. आशाताईंबरोबर वाड्यावस्त्यांवर फिरा. कुणाचा नवरा दारू पितो, कुणाची सून माहेरी गेलीय, कोण गोळ्या घेतो म्हणून सांगतो आणि फडताळात साठवतो, हे त्यांना पाठ असतं. तिशीपुढच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म, म्हणजे बीपी-शुगरसारख्या आजारांचा धोका गुणांत मोजणारा फॉर्म, त्याच भरतात. चारपेक्षा जास्त गुण आलेल्यांची नावं वेगळी काढा आणि तपासणी त्यांच्यापासून सुरू करा. नर्सबाई आणि एमपीडब्ल्यू (आरोग्य सेवक) आपल्याआधीपासून तिथं आहेत, हे विसरून ‘अधिकारी’पणा दाखवलात तर वर्षभर एकट्याच बसाल.

बीपी मोजणं सोपं वाटतं म्हणून त्यात सगळ्यात जास्त घाई होते. माणूस सायकलवरून उतरला, तंबाखू थुंकला आणि तुम्ही पट्टा गुंडाळला, तर येणारा आकडा कामाचा नाही. पाच मिनिटं गप्प बसवा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला. अर्ध्या तासात चहा-तंबाखू झालाय का ते विचारा, लघवीला जाऊन यायला सांगा. बायकांच्या ब्लाउजची घट्ट बाही वर सारली की तिचाच आवळपट्टा होतो, त्यापेक्षा पडदा ओढून बाही काढायला सांगा. आणि मोठा पट्टा पीएचसीकडून मागूनच घ्या. आपल्या भागात तालमी आहेत. पैलवानाच्या दंडाला साधा पट्टा लावला की बीपी उगाच जास्त दिसतं आणि धडधाकट पोरगा घाबरून जातो.

140/90 किंवा वर आलं तर पुन्हा मोजा, आणि तरी तेवढंच राहिलं तर एमओंकडे, म्हणजे पीएचसीतल्या डॉक्टरांकडे, पाठवा. 180/110 च्या घरात असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. गोळी सुरू करणं, डोस बदलणं एमओंचं काम. ई-संजीवनी या सरकारी व्हिडिओ-सल्ला सेवेवर त्यांना जोडून घेता येतं, रेंज असली तर. सुरू झालेली गोळी दर महिन्याला देत राहणं मात्र आपलं, आणि माणसं गळतात ती इथंच. "आता बरं वाटतंय, मग कशाला?" हे एक कारण. दुसरं कारण कुणी आपणहून सांगत नाही: अ‍ॅमलोडिपिन या बीपीच्या गोळीने काहींचे घोटे सुजतात. एक आजोबा दोन महिने गोळ्या नेत होते आणि बीपी काही उतरेना. घोट्यावर बोट दाबून बघितलं तर खळगा तसाच राहिला. "गोळीनं पाय सुजत्यात, म्हून एक दिस घेतो, दोन दिस सोडतो." एमओंना सांगितलं, त्यांनी औषध बदललं. तेव्हा "गोळी घेता ना?" असं विचारू नका, त्याला उत्तर ‘हो’च येतं. "या आठवड्यात किती राहिल्या?" असं विचारा आणि पाकीट बघा.

कॅन्सरसाठीची तोंडाची तपासणी टाळू नका. मिश्री लावणाऱ्या बायका ‘तंबाखू खाता का’ला नाही म्हणतात, मिश्रीचं वेगळं विचारावं लागतं. टॉर्च लावून गालाच्या आतून पांढरा-लाल चट्टा बघा, तोंडात स्वतःची तीन बोटं उभी जातात का बघा.

"मॅडम, सुई मारा की" हे रोज ऐकाल. सर्दी-तापाला सुई नसते. पण नुसतं ‘नाही’ म्हणून हात झटकले तर तो सरळ चौकातल्या दवाखान्यात जाऊन सलाईन लावून येईल. नाडी बघा, छातीला स्टेथो लावा, पॅरासिटामॉल कधी आणि किती घ्यायची ते सांगा, परवा परत बोलवा. हात लावून तपासलं की निम्मी माणसं सुई विसरतात. लहान मूल खोकत असेल तर मात्र कपडा वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत 60, वर्षाच्या आत 50, पाच वर्षांच्या आत 40, याच्या बरोबरीला किंवा वर गेलं तर पाठवा. छाती आत ओढली जात असेल तर मोजत बसू नका, लगेच पाठवा.

ऊसतोडीच्या हंगामात पहाटेचा एक पेशंट लक्षात ठेवा. पोटात दुखतंय, उलटी झाली, रात्री काही खाल्लं नव्हतं म्हणतो. पित्त म्हणून गोळी देण्याआधी विचारा, रात्री कोपीत (पाचटाच्या झोपडीत) जमिनीवर झोपला होता का? मण्यार हा विषारी साप रात्री चावतो, दुखत नाही, सुजत नाही, दाताची खूणही बऱ्याचदा सापडत नाही. त्याला वर बघायला सांगा. पापण्या जड होऊन खाली येत असतील, बोलणं बोबडं, गिळायला त्रास, तर तडक 108 बोलवा आणि एमओंना फोन करा. दोरी आवळायची नाही, चिरायचं नाही, मांत्रिकाकडे थांबायचं नाही. पेशंटला कुशीवर ठेवा आणि श्वासावर लक्ष. पुढच्या दवाखान्यात सर्पविषावरचं औषध (एएसव्ही) आहे का हे गाडी निघायच्या आत फोनवर विचारा, व्हेंटिलेटरची गरज पडेल हेही सांगा.

ऊसतोडीच्या याच टोळ्यांत गरोदर बाया असतात. त्यांचं गरोदरपणाचं कार्ड त्यांच्या गावचं, बीडकडचं असतं, किंवा नसतंच. पहाटे तीनला फडात जातात, त्यामुळे तुमच्या ओपीडीच्या वेळेत येणार नाहीत. संध्याकाळी त्यांच्या अड्ड्यावर (कोप्यांच्या तळावर) जाऊन हिमोग्लोबिन बघा. 7 च्या खाली असेल तर लोहाच्या गोळ्यांवर भागत नाही, त्याच दिवशी रुग्णालय.

पावसाळ्यात सांगलीच्या आयर्विन पुलावर पाणी 40 फुटांकडे निघालं की औषधं आणि रजिस्टर वरच्या फळीवर चढवा. बीपी-शुगरवाल्यांना आणि दिवस भरत आलेल्यांना तेव्हाच गाठा. 45 फुटांना रस्ते राहत नाहीत. पाणी ओसरल्यावर चिखलात काम करणाऱ्यांना लेप्टो (उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप) होऊ नये म्हणून डॉक्सीसायक्लिन द्यायला एमओ सांगतात, गरोदर बायांना आणि आठ वर्षांखालच्या मुलांना ती द्यायची नाही.

पगाराचं एवढंच की त्यातला एक भाग कामाच्या आकड्यांवर मिळतो, आणि आकडे पोर्टलवर असले तरच धरले जातात. रोजची नोंद रोज करा. ज्याला वर धाडलं त्याचा नंबर चिठ्ठीच्या मागे लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी फोन लावा. बरेच जण पोचलेलेच नसतात; मग आशाताईंना घरी पाठवायचं.