पोपटाच्या पोस्टवर चिडूनही कमेंट नको
पिंजऱ्यातला पोपट किंवा तारा कासव ‘विकणे आहे’ अशी पोस्ट दिसली, की आपण रागाने खाली चार शब्द सुनावतो. तिथेच चुकतं. शिवी असो वा शाबासकी, कमेंट वाढल्या की पोस्ट आणखी लोकांपुढे जाते. आधी स्क्रीनशॉट घ्या, लिंक जपून ठेवा, ॲपमध्येच रिपोर्ट करा आणि वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा. आपल्याकडचे हे देशी जीव विकणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे कितीतरी घरांत खरंच माहीत नसतं; सोसायटीच्या ग्रुपवर जरूर सांगा. आणि हो, मुंबईच्या आरेच्या जंगलात बिबट्या दिसलाच, तर फोटोसोबत नेमकी जागा टाकू नका. बघ्यांची झुंबड उडाली की पिल्लांजवळची मादी बिथरते.