पावसाळ्यात सडणारा कॅक्टस असा वाचवला

पुण्यात जुलैची झड लागली की बाल्कनीतला गोल कॅक्टस बुडाशी मऊ पडतो, दाबलं की तपकिरी पाणी येतं. मी सडका भाग कापत गेले, अगदी आतला गर स्वच्छ दिसेपर्यंत, कापलेल्या जागी मधे दिसणाऱ्या, पाणी वाहणाऱ्या नळ्यांच्या रिंगेत एक जरी तपकिरी ठिपका राहिला तर सड परत वर चढते. सुरीवरून सड पसरू नये म्हणून ती दर वेळी स्पिरिटने पुसायची. मग जखम सावलीत खडखडीत सुकू दिली आणि जाड वाळू, विटांचा चुरा नि थोडंसं कंपोस्ट यात लावला. मुळं फुटली!! वाळवंटी कॅक्टस दिवसा रंध्रं, म्हणजे हवा आत-बाहेर जाणारी बारीक छिद्रं, मिटून घेतो, रात्री उघडतो, पाणी खोडात साठवतो, त्याला सततची ओल कशी सोसणार? ख्रिसमस कॅक्टस मात्र ब्राझीलच्या जंगलात झाडांवर वाढणारा, त्याला सावली आणि ओलावाच हवा, दोघांना एकसारखं पाणी घालू नका प्लीज.