नाण्यावरचा दोष टांकसाळीचा की गंजाचा?

इंदूरच्या जुन्या मराठी घरांत देवघरातली किंवा आजीची पेटी उघडली, की पाचव्या जॉर्जचा पाव आणा, १९४३ पासूनचा भोकाचा पैसा आणि होळकरांचा नंदीछाप तांब्याचा पैसा हमखास सापडतो. त्यांतल्या एखाद्यावर खड्डा किंवा पुसट अक्षर दिसले, की ते ‘एरर’, म्हणजे टांकसाळीतच चुकीचे छापलेले नाणे असल्याची बोलवा होते. प्रत्यक्षात असे नाणे बहुधा नुसते गंजलेले असते. दोन्हींतला फरक ओळखण्याची मुख्य कसोटी अशी, की टांकसाळीत ठसा उमटताना झालेल्या चुकीत धातू सरकतो, दबतो किंवा त्याला हवा तसा दाब मिळत नाही, तर गंज धातू खाऊन टाकतो.

तपासणीसाठी दहापट मोठे दाखवणारे भिंग, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा वजनकाटा आणि त्याच प्रकारचे एक चांगले नाणे जवळ असावे. नाणे आधी चिंचेने किंवा राखेने घासू नये, कारण त्यात पुरावाच निघून जातो.

सुरुवात वजनापासून करावी. पाव आणा १९०६ पर्यंत तांब्याचा आणि सुमारे ६.४८ ग्रॅमचा होता. त्याच वर्षी तो काशाचा आणि ४.८६ ग्रॅमचा झाला, त्यामुळे १९०६ साल असलेली दोन्ही प्रकारची नाणी मिळतात आणि हलके नाणे पाहून उगाच हुरळून जाण्याचे कारण नाही. ठशाच्या, म्हणजे नाणे छापणाऱ्या साच्याच्या, खाचेत वंगण व धूळ साचल्यामुळे अक्षर उमटले नसेल, तर वजन जवळपास पूर्ण भरते, रिकामी जागा गुळगुळीत असते आणि शेजारची अक्षरे ठसठशीत राहतात. आम्लाने झिजलेल्या नाण्याचे वजन घटते, कडा पातळ होते आणि चित्र, अक्षरे व सपाट भाग सगळेच सारखे बोथट दिसतात.

यानंतर उजेड एका बाजूने तिरका पाडून पृष्ठभाग पाहावा. ठशाला तडा गेला असेल, तर त्या फटीत धातू शिरून नाण्यावर उंचवट्याची रेघ उठते. गंजाने मुळातली उंच रेघ घडत नाही. फार तर हिरव्या क्षारांची गाठ चिकटते, तिचा रंग वेगळा असतो आणि ती ठिसूळ असते. गंजाचे खड्डे वेडेवाकडे, तळाशी खरखरीत असतात आणि अक्षर असो वा मोकळी जागा, दोन्ही सारखीच पोखरतात.

सर्वांत फसवा प्रकार पापुद्र्याचा. धातूच्या पट्टीत अशुद्धी राहिली, तर तिचा थर सुटतो आणि तेथे उथळ खळगा पडतो. थर छापण्यापूर्वी सुटला असेल, तर खळग्याच्या तळाशीही चित्राची फिकट खूण दिसते, आणि नंतर सुटला असेल, तर तळाशी एकाच दिशेच्या बारीक रेघा दिसतात. हा दोष टांकसाळीचाच, पण गंज त्याच फटीत शिरून खुणा पुसतो, म्हणून येथे ठाम निर्णय देण्याची घाई करू नये.

कडेचा चंद्रकोरीसारखा तुकडा कमी असेल, तर त्याच्या अगदी समोरची कडा पाहावी. पट्टीतून चकती कापताना आधीच्या भोकावर कातर पडली, की चकती अपुरी राहते, आणि तिची कडा उठवताना तुटक्या बाजूस आधार नसल्यामुळे समोरच्या बाजूवर पुरेसा दाब पडत नाही; म्हणून तिथली कडा बहुधा पुसट राहते. कानशीने घासलेल्या किंवा कुरतडलेल्या नाण्यात हे दिसत नाही.

आरशातल्यासारखे उलटे व खोलगट चित्र दिसले, तर दुसरी बाजू पाहावी. आधीचे नाणे ठशाला चिकटून राहिल्यामुळे घडलेल्या खऱ्या चुकीत दुसरी बाजू नीट छापलेली असते. दोन नाणी शेगड्यात (लोखंडी पकडीत) दाबून केलेल्या बनावटीत दुसरी बाजू चपटी होते.

होळकरांच्या मल्हारनगर (इंदूर) टांकसाळीतल्या, सूर्यमुखाची खूण असलेल्या हाताने पाडलेल्या रुपयांना मात्र हे नियम तसेच लावू नयेत. तिथे ठसा चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळे लेख अर्धवट येणे आणि ठसा बाजूला सरकणे हीच नित्याची गोष्ट होती. राजवाड्याजवळ कोणी अशा रुपयाला चुकीचा म्हणून जादा भाव सांगितला, तर तो देऊ नये.

काशाच्या नाण्यावर फिकट हिरवी, पिठासारखी पूड दिसली आणि ती पुसल्यावर पुन्हा आली, तर ती क्लोराइडमुळे होणारी सतत वाढणारी झीज समजावी. असे नाणे इतरांपासून वेगळे, कोरड्या जागी ठेवावे. पीव्हीसीच्या मऊ पाकिटात तर मुळीच ठेवू नये, कारण त्या प्लॅस्टिकमधूनही तांब्यावर हिरवा चिकट थर चढतो आणि पुढच्या तपासणीत तोही दोष म्हणून दिसतो.