हंगामाचा पैसा बारा महिन्यांत वाटून घ्यावा

देवगड-रत्नागिरीकडच्या बागायतदाराच्या हाती हापूसचे बहुतेक पैसे एप्रिल-मे महिन्यांत एकदम येतात, आणि पश्चिम किनाऱ्यावरची यांत्रिक मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद राहत असल्याने नौकेवरच्या माणसाची मिळकतही पावसाळ्यात आटते. अशा घरांनी पगारदाराचे हिशेब गिरवण्यात अर्थ नाही. आंब्याच्या पेट्यांची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब आणि पैसे, हाती पडताच पुढच्या मोसमाचे खत, फवारणी आणि गड्यांची मजुरी बाजूला काढावी, मग घरखर्चासाठी उरलेल्या रकमेला बाराने भागून दरमहा तेवढेच उचलावे. आमच्या ओटीवरच्या खुंटीला यासाठी एक वही टांगलेली असते, जिच्या पानांना काजूच्या डिंकाचे डाग पडले आहेत. गणपतीचा खर्च तिच्यात मे महिन्यातच लिहिला जातो, कारण भाद्रपदात सोने गहाण टाकण्याची पाळी बहुधा त्याच खर्चाने येते.

दीर्घ मुदतीसाठी टपाल कार्यालयातील किंवा बँकेतील सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी, म्हणजेच पीपीएफ, मला बरा वाटतो. वर्षाला किमान ५०० आणि कमाल दीड लाख रुपये भरता येतात, मुदत १५ वर्षांची असते. व्याज महिन्याच्या ५ तारखेनंतरच्या सर्वांत कमी शिलकेवर मोजले जात असल्याने भरणा ५ तारखेपर्यंत करावा. ६ तारखेला भरलेल्या रकमेचे त्या महिन्याचे व्याज बुडते. वार्षिक ७.२ टक्के दर धरला तर चक्रवाढीने रक्कम सुमारे दहा वर्षांत दुप्पट होते, म्हणजे कलम लावून पूर्ण बहराची वाट पाहण्याइतकाच हा काळ आहे.