रेट कमी करताना या चुका टाळा

कंत्राटावर काम करणाऱ्या अनुभवी आयटी तंत्रज्ञांचे रेट उतरले आहेत, आणि ते मान्य करण्यात कसलाही कमीपणा नाही. २०२१ मध्ये ज्या डेटाबेसवाल्याला व्हेंडर, म्हणजे कंपन्यांना कंत्राटी माणसे पुरवणारे मध्यस्थ, दिवसातून तीनतीनदा फोन करत होते, त्यालाच आज स्वतःचा बायोडेटा घेऊन त्यांच्या मागे फिरावे लागते. मार्च २०२२ पासून अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने व्याजदर चढवत नेले, तिकडच्या ग्राहकांनी हात आखडता घेतला, इथल्या मोठ्या कंपन्यांतली माणसे प्रकल्पाविना बेंचवर बसली आणि जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२,००० जणांना कमी करण्याचे जाहीर केले. इतकी माणसे एकाच वेळी काम शोधू लागली की कंत्राटाच्या रेटवर त्याचा परिणाम होणारच. तरीही गेली काही वर्षे मुंबईतल्या बँका आणि विमा कंपन्यांच्या कंत्राटांवर काम करताना मी पाहतो आहे की, बाजार जेवढा रेट पाडतो त्याहून जास्त आपली माणसे घाईघाईने स्वतःच सोडून देतात.

त्यातली सर्वांत महाग चूक म्हणजे फोनवर होकार देणे. व्हेंडरचा फोन बहुधा शुक्रवारी संध्याकाळी येतो. ऐरोलीच्या एका प्रकल्पावर माझ्याबरोबर डोंबिवलीचा एक हुशार मुलगा होता. त्याचा रेट दिवसाला ११,००० रुपये होता आणि कंत्राट मार्चअखेर संपत होते. ठाण्याला गाडी बदलून जिना चढत असतानाच त्याला फोन आला. ‘सर, क्लायंटने सगळ्यांचेच रेट कमी केलेत. साडेआठ हजाराला ओके आहे ना? मला आजच मेल टाकायचाय.’ मागून गर्दी ढकलत होती, स्लो लोकल लागली होती, आणि काम हातचे जाईल ही धास्ती होतीच. तो ‘ठीक आहे, करा’ म्हणून मोकळा झाला. सोमवारी चहाच्या टपरीवर कळले की त्याच टीममधल्या, तेवढ्याच अनुभवाच्या दुसऱ्या एकाने त्याच फोनवर ‘सोमवारी मेलने कळवतो’ एवढेच सांगितले होते आणि त्याचे दहा हजारांवर ठरले होते. दिवसाला दीड हजार, महिन्याचे वीस दिवस धरले तर तीस हजार, आणि हा फरक कामाचा नव्हता, तर केवळ त्या एका संध्याकाळच्या घाईचा होता.

होकार द्यायला नको होता असे मी त्याला म्हटले नाही. आपला तळाचा आकडा कोणता, हे त्याला त्या क्षणी ठाऊक नव्हते, ही खरी अडचण होती. बहुतेक जण वर्षाला लागणारी रक्कम घेतात आणि तिला महिन्याचे २२ या हिशेबाने २६४ दिवसांनी भागतात. घरखर्च, हप्ते, मेडिक्लेम आणि कर मिळून वर्षाला १४,४०,००० रुपये लागत असतील, तर या पद्धतीने दिवसाचे सुमारे ५,४५० येतात आणि साडेआठ हजार भरपूर वाटतात. प्रत्यक्षात वर्षातले शनिवार-रविवार वजा केले की २६१ दिवस उरतात. सणांच्या सुट्ट्या, आजारपण, गावची एखादी फेरी यांत तीसेक दिवस जातात, आणि सध्याच्या दिवसांत दोन कंत्राटांमध्ये दोन महिने रिकामे जाणे अजिबात नवलाचे नाही. उरले सुमारे १९० दिवस. तीच रक्कम १९० ने भागा, तळ ७,५८० वर जातो. नोकरीतल्या मित्राला मिळणारा कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी आणि पगारी रजा या हिशेबात अजून आलेल्याच नाहीत. हा आकडा मी एका चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवतो आणि दर सहा महिन्यांनी नवा काढतो. फोनवर मात्र कोणताही आकडा उच्चारत नाही. दोन वर्षांच्या अनुभवावर नोकरी सोडून ‘फ्रीलान्सिंग’ करायला निघालेल्या मुलांना मी हा भागाकार करायला सांगतो, तेव्हा त्यांना तो कंटाळवाणा वाटतो. त्यांना थेट रेट कार्ड हवे असते.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे. २०२३ च्या सुरुवातीला माझे महिन्याचे दोन लाखांचे काम एक लाख ऐंशी हजारांवर आले. त्या वीस हजारांसाठी मी आठवडाभर भांडलो, हरलो, आणि त्या भरात नव्या करारातली पैसे ९० दिवसांनी देण्याची अट न वाचताच सही केली. इन्व्हॉइसवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३२,४०० रुपये, लावावा लागत होता. ग्राहकाने पैसे दिले असोत वा नसोत, तो कर पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरायचा असतो, आणि वळता करून घेण्यासारखे इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर आधीच भरलेला जीएसटी, माझ्याकडे जवळपास नव्हते. जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्च अशा तीन महिन्यांचे ९७,२०० रुपये मी २० एप्रिलपर्यंत सरकारला भरून बसलो होतो, तेव्हा माझ्या खात्यात त्या कामाचा एक रुपयाही आलेला नव्हता. मुलीच्या शाळेची फी आणि हा कर भागवण्यासाठी मुदत ठेव मोडली. मेच्या दुसऱ्या आठवड्यात जानेवारीचे पैसे आले, तेही दहा टक्के टीडीएस कापून. तो टीडीएस रिटर्न भरल्यावर हिशेबात येतो खरा, पण मे महिन्यात त्याचा काही उपयोग नव्हता.

याला कायद्यात उत्तर होते, आणि मी आळसाने ते घेतले नव्हते. २००६ च्या एमएसएमई विकास कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदणी असलेल्याला लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्यागणिक चक्रवाढ व्याज लागते. व्याजासाठी आपल्याच ग्राहकाशी कोण भांडणार, हा प्रश्न रास्त आहे. परंतु २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून अशी थकलेली रक्कम ग्राहकाला प्रत्यक्ष देईपर्यंत स्वतःच्या आयकराच्या हिशेबात खर्च म्हणून दाखवता येत नाही, आणि त्यामुळे त्यांचा फायनान्स विभाग आता निदान फोन उचलतो. ही नोंदणी, म्हणजे उद्यम नोंदणी, आधार आणि पॅनवर, घरबसल्या, फुकट होते. तिच्यासाठी पैसे मागणाऱ्या एजंटच्या नादी लागू नये. ती करारावर सही करण्यापूर्वी करावी आणि तिचा क्रमांक पहिल्या इन्व्हॉइसपासून छापावा.

तेव्हापासून मी एक गोष्ट पाळतो. रेट उतरवायचाच असेल, तर त्या बदल्यात काहीतरी मागून घेतो: तीस दिवसांत पैसे, आठवड्यातले तीन दिवस घरून काम, किंवा शनिवारी रात्रीच्या रिलीजचे, म्हणजे नवे सॉफ्टवेअर चालू करण्याचे, वेगळे पैसे. बँकेच्या प्रकल्पांवर ही शनिवारची रात्र नेहमीच फुकटात धरली जाते, आणि कमी रेटमध्ये तीही देऊन टाकणारी माणसे मला समजत नाहीत.

एप्रिलमध्ये पीओ, म्हणजे ग्राहकाची लेखी परचेस ऑर्डर, नसताना काम करत राहू नये. ३१ मार्चला जुना पीओ संपतो, नवा बजेट मंजूर व्हायला रेंगाळतो, आणि मॅनेजर ‘तू चालू ठेव, पेपर येतोय’ असे मनापासून सांगतो. तो खोटे बोलत नसतो, पण टाइमशीट पास करणारी यंत्रणा त्याच्या शब्दावर चालत नाही. नवा पीओ मेच्या तारखेचा आला, तर एप्रिलचे वीस दिवस कोणाच्याच खात्यात बसत नाहीत. मी १ एप्रिलला एक सभ्य मेल टाकतो की पीओ मिळेपर्यंत मी उपलब्ध आहे, मात्र काम सुरू करत नाही. आजवर त्यामुळे कोणी मला काढलेले नाही. एकदा मात्र पीओ चौथ्याच दिवशी आला.

एकाच जागेसाठी दोन व्हेंडरांकडून बायोडेटा पाठवू नये. ग्राहकाकडे नाव दोनदा पोहोचले की बहुतेक ठिकाणी दोन्ही अर्ज बाद होतात. २०२२ चा रेट हा आपला हक्काचा रेट होता असे मुलाखतीत सांगू नये. एआयच्या मदतीने निम्म्या वेळात काम करतो अशी फुशारकी मारू नये, कारण पुढच्याच मीटिंगमध्ये निम्मा रेट सुचवला जातो. वेळ वाचवा आणि गप्प बसा. अनुभवाची वर्षे फुगवू नका. यूएएनवर, म्हणजे पीएफच्या खाते क्रमांकावर, कुठे किती दिवस नोकरी केली ती सर्व्हिस हिस्टरी दिसते आणि पडताळणी करणारे नेमकी तीच मागतात. मुलाखतीला दुसऱ्याला बसवणाऱ्यांसाठी माझ्याकडे सल्ला नाही.

पडलेल्या रेटवर सही करावी लागली, तर मुदतीकडे पाहावे. व्हेंडर कमी रेटलाच वर्षभराचे कंत्राट पुढे करतो आणि घाबरलेला माणूस ते सुरक्षितता समजून घेतो. नोटीस मात्र ग्राहकाकडून १५ दिवसांची आणि आपल्याकडून ६० दिवसांची असते. मी कमी रेट तीन महिन्यांपुरताच घेतो आणि नोटीस दोन्ही बाजूंना सारखी करून घेतो. सध्याचे माझे कंत्राट २०२२ च्या तुलनेत बऱ्याच कमी रेटवर आहे आणि ते तिमाही आहे. ते संपण्याच्या तीस दिवस आधीचा मेल मी सही केली त्याच दिवशी लिहून ड्राफ्टमध्ये ठेवला आहे, त्यात फक्त आकडा भरायचा आहे.